पांढरी चार

हेरॉल्डचा कान किती तिखट होता हे सांगायला एक गोष्ट पुरे. सत्तावन्न साली मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात आमचा बँड होता. तिथल्या बॉलरूमच्या छताला तीन पात्यांचे पंखे होते आणि ते तीनच्या तालात फिरायचे. हेरॉल्ड म्हणाला, पंखे चालू असतील तर मी चार मात्रांचं गाणं वाजवू देणार नाही, माझे व्हायोलिनवाले वर बघतात आणि चुकतात. मॅनेजर हसला. मग मे महिनाभर आम्ही फक्त तीन मात्रांचे वॉल्ट्झ वाजवले. मोठमोठे शेठ आणि त्यांच्या बायका गोल गोल फिरून घेरी येऊन पडायला लागल्या, तेव्हा मॅनेजरने मुकाट वायरमन बोलावला आणि एकूण एक पंख्याला चौथं पातं बसवून घेतलं.

ही गोष्ट मी अर्ध्या कॅनडाला सांगितली आहे. सांगताना हेरॉल्ड शेजारी असला की तो मान हलवून म्हणायचा, "रॉय खोटं बोलतो. पाती पाच होती." लोक हसायचे. व्हेरॉनिका, म्हणजे त्याची बायको आणि माझी धाकटी बहीण, नाक मुरडून म्हणायची, "दोघं एका माळेचे मणी. तिथे पंखेच नव्हते."

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात व्हेरॉनिका गेली. त्यानंतर मी एकदा हॅलिफॅक्सला आमच्या चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये, चहाच्या वेळी, मुद्दाम ही गोष्ट काढली आणि शेवटाला येऊन हेरॉल्डकडे बघितलं.

"असेल," हेरॉल्ड म्हणाला.

तेव्हा मला कळलं की प्रकरण कठीण आहे.

आम्ही मूळचे वसईचे. मी डबल बास वाजवतो, म्हणजे माणसाएवढं उंच व्हायोलिन, जे उभं राहून मिठी मारल्यासारखं वाजवावं लागतं. हेरॉल्ड डिमेलो अरेंजर. अरेंजर म्हणजे कोण, हे मी लोकांना शिंप्याचं उदाहरण देऊन सांगतो. संगीतकार चाल आणतो, ते झालं कापड. गाणारी बाई, ते झालं अंग. त्या अंगाला ते कापड बसवायचं, कुठे चुणी घ्यायची, कुठे सैल सोडायचं, कुठे अस्तर लावायचं, हे सगळं अरेंजर करतो. सनई कुठे बोलेल, ट्रम्पेटने कुठे तोंड बंद ठेवायचं, बाईचा श्वास संपतो तिथे कुठली व्हायोलिनं पुढे यायची, हे प्रत्येक वाजवणाऱ्याच्या कागदावर तो लिहून देतो. रेकॉर्डवर गाणारीचं नाव असतं, चाल लावणाऱ्याचं असतं. शिंप्याचं नाव ब्लाउजवर कोण शिवतं?

व्हेरॉनिका त्या हॉटेलात इंग्रजी गाणी गायची. आवाज जाड, खालचा, थोडा धुराचा. तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘टेबल नंबर नाइन’. आमच्याच पियानोवाल्याने लिहिलेलं. एक बाई नऊ नंबरच्या टेबलावर कुणाची तरी वाट बघत बसली आहे आणि वेटर एकेक खुर्ची उलटी करून टेबलांवर ठेवायला लागले आहेत, एवढंच गाणं. पण व्हेरॉनिका ते गायची तेव्हा आमचे खरे वेटर खुर्च्या उचलायचे थांबायचे.

तिच्यात एकच खोट होती. पहिला सूर तिला कधी सापडायचा नाही. एकदा सापडला की रात्रभर हलायची नाही, पण सुरुवात म्हटली की आंधळी. ही गोष्ट आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती, कारण हेरॉल्डने तिची सोय करून ठेवली होती. गाण्याआधीचे सगळे फिरके संपले की तो क्लॅरिनेटला एकट्याला एक लांब सूर लिहायचा. ऐकणाऱ्याला वाटे, वा, काय नजाकत. ती नजाकत नव्हती, ती काठी होती. व्हेरॉनिका ती काठी धरून उंबरा ओलांडायची.

त्यांच्या लग्नात फादरने विचारलं, "हा पुरुष तुला पती म्हणून मान्य आहे का?" व्हेरॉनिका गप्प. सगळं चर्च गप्प. माझ्या आईने रुमाल तोंडात कोंबला. मग हेरॉल्डने ओठ न हलवता हळूच एक सूर गुणगुणला, आणि ती त्याच सुरात "आहे" म्हणाली. मी तिथे होतो. यातलं निम्मं तरी खरं आहे.

त्यांची मुलगी क्लॅरिसा नर्स होऊन हॅलिफॅक्सच्या एका हॉस्पिटलात लागली आणि तिने आईबापांना नेलं. मी आधी टोरोंटोजवळ मिसिसागाला मुलाकडे होतो. त्याने मला बेसमेंट दिलं होतं. माझा बास त्या जिन्यावरून खाली उतरेना, आणि बासशिवाय मी उतरेना, म्हणून मी बहिणीच्या मागे हॅलिफॅक्सला आलो. त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली. क्लॅरिसा म्हणे, "मामा, इथे विंटर फार वाईट असतो." मी म्हटलं, मला थंडी वाजत नाही. हे मी गावभर सांगत फिरतो, आणि लोक मला थापाड्या म्हणतात.

हॅलिफॅक्समध्ये नेव्हीच्या बँडमधून रिटायर झालेले म्हातारे ढिगाने आहेत. गॉर्डन नावाच्या ट्रॉम्बोनवाल्याने त्यांचा एक डान्स बँड केला होता. रविवारी दुपारी, बंदरापलीकडे डार्टमथमधल्या एका हॉलमध्ये, म्हाताऱ्या जोडप्यांना नाचवायचे. त्यांना बासवाला हवा होता. माझ्यामागून हेरॉल्ड गेला, हेरॉल्डच्या मागून व्हेरॉनिका, आणि साठी उलटलेली माझी बहीण पुन्हा गाऊन घालून उभी राहिली. तेच ‘टेबल नंबर नाइन’, तीच काठी, फक्त क्लॅरिनेटवर आता मरे नावाचा एक लाल नाकाचा गोरा. दहा वर्षं चाललं. मग ती एका सकाळी टोस्टला बटर लावता लावता गेली.

हेरॉल्ड रडला नाही. जेवायला वाढलं की जेवायचा. नाही वाढलं तर आठवण करायचा नाही. बाहेर बर्फ असताना उघड्या हातांनी चालत जायचा आणि बोटं पांढरी पडली तरी परत येऊन टेबलावर तशीच ठेवायचा, दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तशी. क्लॅरिसाने शेवटी लहान मुलांचे बांधतात तसे त्याचे हातमोजे एका दोरीला बांधून ती दोरी कोटाच्या बाह्यांतून ओवली. तेव्हापासून हातमोजे त्याच्या मनगटांखाली लोंबकळायचे आणि हात त्यांच्याबाहेर.

"मामा, ही इज नॉट इव्हन सॅड," क्लॅरिसा मला लिफ्टमध्ये म्हणाली. "सॅड असता तर मला समजलं असतं. काल मी विचारलं, डॅडी, तुला काय वाटतं? तर म्हणाला, कशाबद्दल?"

"मी बोलतो त्याच्याशी."

"तू जोक्स सांगशील."

"मग काय सांगू? फादरसारखं प्रवचन देऊ?"

"मामा, तू तरी रडलास का?"

माझा मजला आला होता. मी उतरलो.

नाताळाच्या आधी गॉर्डन घरी आला. बूट काढून, सॉक्समध्ये, टोपी मांडीवर धरून बसला. म्हणाला, फेब्रुवारीत आम्ही व्हेरॉनिकासाठी एक दुपार करतोय. सगळी तिची गाणी बँड नुसताच वाजवेल. पण ‘टेबल नंबर नाइन’ला गाणारी पाहिजे. कुणी तरी शोधा. नाही तर ते गाणं आम्ही काढून ठेवू.

"काढून ठेवू म्हणजे?" मी विचारलं.

"कपाटात. गाणारीशिवाय ते वाजवण्यात अर्थ नाही, हॅरी."

हेरॉल्डला तिकडे सगळे हॅरी म्हणायचे. हॅरी खिडकीबाहेर बघत होता. मला एवढं दिसत होतं की ते गाणं कपाटात गेलं तर त्याच्यामागून हाही जाईल आणि दार आतून लावून घेईल. आणि दुसऱ्या कुणी गायलं तर याला ते स्वतःच्या हातांनी दुसरीच्या अंगावर चढवावं लागेल.

गाणारी मला ठाऊक होती. सप्टेंबरात शंतनू नावाच्या इथल्या एका मराठी पोराच्या बेसमेंटमधल्या गणपतीला मी मोदकांसाठी जातो, कॅथलिक असलो तरी मोदकाला धर्म नसतो. तिथे चैत्राली नावाची पुण्याची पोरगी होती, युनिव्हर्सिटीत समुद्राच्या पाण्याचं काहीतरी शिकायला आलेली. आरतीत वीस जण वीस सुरांत ओरडत असताना ही एकटी सुरात होती आणि बाकीच्यांना हळूहळू ओढून आणत होती. मी तिला फोन केला. रविवारी ती बस पकडून आली, बर्फाचे बूट दारात काढले आणि आम्हा दोघांना वाकून नमस्कार करायला लागली.

"अगं थांब," मी म्हटलं. "त्याला आजोबा म्हण, पायाबिया पड. मला काका म्हण."

"तुम्ही त्यांच्याहून लहान आहात?"

"दिसायला."

ती हसली. हेरॉल्ड कीबोर्डपाशी बसला होता, क्लॅरिसाने त्याला तिथे नेऊन बसवलं होतं. चैत्रालीने गाणं आधीच व्हेरॉनिकाच्या रेकॉर्डवरून बसवून आणलं होतं. हेरॉल्डने सूर दिला, ती गायला लागली. पहिलं कडवं कसंबसं गेलं. पुढे गाणं खाली उतरतं तिथे तिचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा दिसेनासा झाला.

"सॉरी आजोबा. हे खूप लो जातंय, माझा आवाजच संपतो. माझी पट्टी काळी पाच आहे."

"काळी पाच म्हणजे?" क्लॅरिसाने विचारलं.

"पेटीवरची पाचवी काळी," मी म्हटलं. "आपण बी-फ्लॅट म्हणतो. पुण्याच्या मुली पट्टी अशी सांगतात, घराचा नंबर सांगितल्यासारखी."

"आणि हे कशात आहे?" चैत्रालीने विचारलं.

"एफमध्ये," हेरॉल्ड म्हणाला.

"म्हणजे पांढरी चार. मग, आजोबा, थोडं वर घेता येईल का? कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटन असतं ना, ते दाबलं की—"

"बँडला बटन नसतं," मी म्हटलं.

"मग काय करायचं?"

हेरॉल्ड म्हणाला, "ते पांढरी चारमध्येच आहे." आणि कीबोर्डचं झाकण लावलं. जोरात नाही. रागावून लावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

क्लॅरिसाला शांतता सोसत नाही. ती उठली आणि आतून व्हेरॉनिकाचा बाटलीहिरवा गाऊन घेऊन आली. ती महिनाभर आईचे कपडे वाटत होती. कोट पॅरिशला गेले, साड्या टोरोंटोला मावसबहिणींकडे गेल्या, स्टेजवरचे गाऊन कुणाला द्यावेत तिला समजत नव्हतं. तिने तो चैत्रालीच्या स्वेटरवरूनच लावून बघितला. खांद्यापासून खाली नुसता लोंबत होता, हँगरला लावल्यासारखा.

"कमरेत केवढा घ्यावा लागेल," क्लॅरिसा म्हणाली. "डॅडी, आमच्या कोपऱ्यावरचा लेबनीज टेलर करून देईल. पण कापावा लागेल. तुला चालेल ना?"

हेरॉल्डने बराच वेळ गाऊनकडे बघितलं.

"अंगाला बसत नसेल तर उपयोग काय," तो म्हणाला.

चहा झाला. चैत्राली बूट चढवायला लागली तेव्हा त्याने तिला विचारलं, "वरती कुठपर्यंत जातेस?" तिने सूर लावून दाखवला. त्याने मान हलवली, आणि ती गेल्यावर कपाटातून कोरे कागद काढले.

जानेवारीभर तो लिहीत होता. तुम्हाला वाटेल, सगळं सारख्या अंतराने वर सरकवायचं, त्यात काय. पण माणूस उंच झाला म्हणून त्याचं डोकं तेवढं वर सरकवत नाहीत. खालच्या आवाजाभोवती त्याने जाड, काळपट सूर लावले होते, ते आता वर नेले तर किंचाळले असते. व्हायोलिनांना नवं काम द्यायचं, ट्रम्पेट काढून टाकायचे, सॅक्सोफोनला मधल्या घरात आणून बसवायचं. पूर्वी तो लिहिताना सारखा गुणगुणायचा, आणि व्हेरॉनिका स्वैपाकघरातून ओरडायची, "हेरॉल्ड, एक तरी पूर्ण गाणं म्हण, नाही तर गप्प बस!" आता तो गुणगुणत नव्हता. पेन्सिल, पट्टी, रबर. मी समोर बसून गप्पा मारायचो. वसईच्या आमच्या बावखलातल्या, म्हणजे वाडीतल्या तळ्यातल्या, माशाची गोष्ट सांगितली, जो चर्चच्या एंजलस प्रार्थनेच्या घंटेला पाण्याबाहेर डोकं काढायचा. त्याने मान वर केली नाही.

"कसं झालंय?" मी एकदा विचारलं.

"बरोबर आहे."

"चांगलं आहे का विचारतोय."

"बरोबर आहे," तो पुन्हा म्हणाला.

चैत्राली माझ्याकडे येऊन नव्या पट्टीत गाणं घोटायची. सुरुवातीचा तो फिरका मी बासवर कसा वाजवणार, म्हणून मी तिला नुसता एक सूर द्यायचो. "तिथे क्लॅरिनेट तुला सूर देईल," मी सांगितलं. "तो देईल तो घ्यायचा, आणि निघायचं. पहिल्या कडव्याला ताल नाही, बँड नाही, फक्त तू आणि मी. ध्रुवपदाला सगळे येतील."

"क्लॅरिनेटचा सूर घ्यायचा. ओके. आमच्याकडे तानपुऱ्यावर जो सा लागतो तो घ्यायचा, तसंच ना?"

"तसंच," मी म्हटलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळ्या बँडबरोबर एकच तालीम ठरली होती. त्या दिवशी असं वादळ आलं की फेरीबोट बंद, बस बंद, पूल बंद. सकाळी मी खिडकीतून बघितलं तर समोरची गाडी गायब, शेजाऱ्याने बर्फ शोव्हल करून काढली तर ती दुसऱ्याचीच निघाली. गॉर्डनचा फोन आला: तालीम रद्द, काळजी नको, माझ्या पोरांनी बोट कलंडत असतानाही कागद बघून वाजवलेलं आहे. त्याची पोरं सत्तरीची होती.

रविवारी दुपारी ऊन पडलं. फेरी चालू झाली. मी बास घेऊन डेकवर उभा होतो, वाऱ्याने त्याचं कव्हर एवढं फुगलं की फेरी वेळेआधी पोहोचली आणि कॅप्टनने मला सलाम केला. हेरॉल्ड शेजारी, हातमोजे लोंबत.

हॉल भरलेला होता. चैत्रालीने हिरवा गाऊन घातला होता, आता तो तिला बसत होता आणि मला तो ओळखू येत नव्हता. हेरॉल्ड पहिल्या रांगेत क्लॅरिसाच्या शेजारी, कोट न काढता. बँडने व्हेरॉनिकाची गाणी नुसती वाजवली, म्हातारी जोडपी हळूहळू नाचली. मग गॉर्डनने चैत्रालीचं नाव त्याला जमेल तसं घेतलं आणि ‘टेबल नंबर नाइन’ सुरू झालं.

हेरॉल्डच्या सुरुवाती नेहमी अशा असायच्या की गल्लीबोळांतून फिरवून आणतो, आपण कुठे आलोय ते कळू देत नाही. व्हायोलिनं फिरली, सॅक्सोफोन फिरले, सगळे थांबले. आणि मरेने एकट्याने तो लांब सूर लावला.

माझे केस उभे राहिले असं मी म्हणालो असतो, पण डोक्यावर केस नाहीत. तो जुना सूर होता. व्हेरॉनिकाचा. बाकी सगळं गाणं वरच्या घरात नेऊन ठेवलं होतं, आणि ही एक काठी हेरॉल्डच्या हाताने जुन्या दारातच टेकवून ठेवली होती. आधीच्या फिरक्यांनंतर ती चुकीची वाटतही नव्हती. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण पन्नास वर्षं मी त्या सुराशेजारी उभा होतो.

दुसरी कुणी गाणारी असती तर चपापली असती. पण या पोरीला लहानपणापासून शिकवलेलं, मिळेल तो सूर घ्यायचा आणि त्याच्यावर घर बांधायचं. तिने घेतला. आणि गाणं पांढरी चारमध्ये सुरू झालं.

एवढ्या खाली ती लोकांसमोर कधी गायली नव्हती. आवाज जवळजवळ बोलल्यासारखा निघत होता, कडेला थोडा खरखरीत. व्हेरॉनिकासारखा मुळीच नाही. पण जागा व्हेरॉनिकाची. हॉलमधले म्हातारे नाचायचे थांबले, कारण ताल नव्हता, आणि मग थांबूनच राहिले.

माझा कागद काळी पाचमध्ये. मी तिकडे बघितलं नाही. बासवाल्याने गाणारीच्या मागे जायचं असतं, ती विहिरीत उडी मारेल तर विहिरीत. मी तिच्याबरोबर खाली गेलो. माझी बोटं आपोआप गेली, त्यांना ही वाट पाठ होती. आणि तोच विचार डोक्यात: आता आठ ओळी, मग सगळा बँड वरच्या घरातून धाडकन अंगावर येणार, आणि ही पोरगी व्हेरॉनिकाच्या गाऊनमध्ये सगळ्यांसमोर तोंडावर पडणार. मी गॉर्डनकडे बघितलं. त्याने ट्रॉम्बोन तोंडाला लावला होता. मी हेरॉल्डकडे बघितलं. तो उभा राहिला होता. पहिल्या रांगेत, कोटात, एकटाच उभा, आणि हाताने मला काहीतरी दाखवत होता. तर्जनी खाली, एकेक करून. जिना उतरल्यासारखी.

मग मला दिसलं. पांढरी चार म्हणजे काळी पाचच्या दारातलं पायपुसणंच. तिथून बासवर चार पायऱ्या उतरलं की नवं घर येतं, फक्त पहिलीच पायरी थोडी काळी घ्यायची. शेवटच्या ओळीवर चैत्राली थांबली, आणि मी उतरलो. एक. ती माझ्याकडे वळली. दोन. तिच्या भुवया वर गेल्या. तीन. तिने श्वास घेतला. चौथ्या पायरीवर बँड आला, आणि ती माझ्या खांद्यावर पाय देऊन चढावं तशी वर गेली, तिच्या स्वतःच्या आवाजात, उघड्या, उजेडातल्या.

पुढचं गाणं मला नीट आठवत नाही. बरोबर झालं. चांगलंही झालं असावं, लोक बराच वेळ उभे होते.

नंतर गॉर्डन हेरॉल्डला मिठी मारायला आला. "हॅरी! दोन पट्ट्या! आधी तिच्यासाठी, मग मुलीसाठी. यू सेंटिमेंटल ओल्ड डेव्हिल. आता हे असंच ठेवायचं, कायमचं."

हेरॉल्ड मरेच्या स्टँडपाशी गेला, क्लॅरिनेटचा कागद उचलला आणि डोळ्यांजवळ धरला.

"मुद्दाम लिहिलं होतंस?" मी मराठीत विचारलं.

"नाही. हाताने सवयीने लिहिलं."

"मग राहू दे. गॉर्डन म्हणतो तसं."

"चूक आहे, रॉय."

"सुंदर चूक आहे. सगळा हॉल थांबला होता."

"ती पोरगी पडली असती," हेरॉल्ड म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, आणि मला आधी वाटलं की रागाने. "हा सूर गाणारीसाठी असतो. आपल्यासाठी नसतो. ती माझ्यावर विश्वासून तिथे उभी होती आणि मी तिला—" त्याने हात पुढे केला. "पेन्सिल दे."

चैत्राली मागे येऊन उभी होती. "आजोबा, खरंच चालेल मला. मी सांभाळलं असतं."

"तू नाही सांभाळायचं," तो म्हणाला. "सांभाळायचं काम माझं."

मी पेन्सिल दिली, मागे रबर असलेली. त्याने कागद पियानोच्या झाकणावर ठेवला आणि तो एक सूर खोडायला लागला. पेन्सिल दोनदा सुटून पडली. खोडून झालं तरी तो खोडत राहिला, कागद केसाळ होईपर्यंत. मग वरच्या रेघेवर नवा सूर काढला, तोंडाने तो गुणगुणला, अगदी हळू, आणि चैत्रालीकडे बघितलं. ती त्या सुरात पहिली ओळ गायली. त्याने मान हलवली आणि तिथेच, पियानोवर डोकं टेकून, रडला. क्लॅरिसा धावत आली. मी बासच्या कव्हरची चेन लावत होतो. ती नेहमी अडकते.

परतीच्या फेरीत आम्ही वर डेकवर उभे राहिलो, बास आत मावेना. शेजारी एक बाई होती, तिने विचारलं की एवढं मोठं हे काय आहे. मग काय, मी सुरू झालो. हॉटेल, बॉलरूम, पंखे, वॉल्ट्झ, घेरी येऊन पडणारे शेठ, वायरमन, चौथं पातं. ती हसायला लागली. शेवटाला येऊन मी सवयीने हेरॉल्डकडे बघितलं.

तो दोरीला लोंबणारे हातमोजे ओढून वर घेत होता. एकेक बोट आत सारून नीट घातले.

"रॉय खोटं बोलतो," तो त्या बाईला इंग्रजीत म्हणाला. "पाती पाच होती."

ती आणखी हसली. मग तो माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "काय मरणाची थंडी आहे रे. तुझे हातमोजे कुठे?"

"मला वाजत नाही," मी म्हटलं.

"पुरे आता."

पण खरंच वाजत नव्हती. मी रेलिंगचं लोखंड हाताने धरलं होतं, त्याच्यावर बर्फाचा पापुद्रा होता. व्हेरॉनिका तिथे पलीकडे असती तर म्हणाली असती, तिथे पंखेच नव्हते. तिचं वाक्य कुणीच म्हटलं नाही आणि गोष्ट तशीच संपली. मी हात काढला नाही. किनारा जवळ येत होता, आणि मी लोखंड धरून थंडी वाजायची वाट बघत उभा होतो.